ओल्या फरशीचा दिवस

आदरणीय अध्यक्ष, म्हणजे आपले संचालकसाहेब, व्यासपीठावरचे मान्यवर, माझ्या प्रयोगशाळेतल्या मुली, आणि तिसऱ्या रांगेतून 'आवरतं घे' अशा खुणा करणारे आमचे हे, सर्वांना नमस्कार.

माझ्या निरोपाच्या निमित्ताने साहेबांनी आत्ता माझं तोंडभरून कौतुक केलं. नऊ वर्षं मी इथे साच्यात सुया ओतल्या. नवीन मंडळींसाठी सांगते, आमची सुई धातूची नसते. साखरेच्या घट्ट द्रावणात लस मिसळायची, अगदी बारीक टोकांच्या साच्यात भरायची आणि वाळवायची. नखाएवढी पट्टी कातडीवर दाबली की टोकं आत शिरतात आणि तिथेच विरघळतात. तिचा वैरी एकच, दमट हवा.

मग बाहेरचे तज्ज्ञ आमची पद्धत तपासायला आले, त्या पाहणीच्या दिवशी काय झालं? टोकं मऊ पडली, वाकली, एकही आत शिरलं नाही. अहवालात ओळ आली, 'पद्धत भरवशाची नाही.' सोमवारी आमचा विभाग बंद करायचा ठराव आहे.

साहेब, रागावू नका. किंवा रागावा, उद्यापासून मी तुमच्या हाताखाली नाही. पाहुणे येणार म्हणून आमच्या खोलीची फरशी ओल्या फडक्याने चकचकीत करून घ्या, असं तुम्हीच सांगितलंत. पट्ट्याही डब्यातून काढून टेबलावर मांडायला लावल्यात, शोभा म्हणून. हवेतला ओलावा दाखवणारा काटा सरसर वर चढला. मी म्हटलं, "साहेब, दुसरा डबा ऐनवेळी उघडू या." तुम्ही म्हणालात, "बाई, पाहुणे दारात आलेत." आणि मी गप्प बसले. ती चूक माझी, शंभर टक्के माझी. पण तिचं खापर मी सुयांवर फोडू देणार नाही. 'पद्धतीतच दोष होता' असा कागद परवा माझ्यापुढे सहीला आला. तो या पर्समध्ये आहे. सही झालेली नाही आणि होणारही नाही.

आता आमच्या ह्यांच्याबद्दल. इंजेक्शन दिसलं की हे पांढरेफटक पडतात. एकदा तर दवाखान्याच्या पायरीवरून मला एकटीला सोडून घरी निघून आले होते. साहेब भाषणाला उठले, तेव्हा पाहणीतल्या पट्ट्यांबरोबरच बनवलेली, पण बंद डब्यात कोरडी राहिलेली एक पट्टी मी ह्यांच्या दंडावर दाबून बसवली. औषध नाही त्यात, घाबरू नका. हो, ह्यांना विचारूनच.

अहो, या ना पुढे. बाही वर करा. काय म्हणालात? जरा माईकमध्ये बोला.

"अगं, ती टोचायची कधी?"

ऐकलंत ना सगळ्यांनी? साहेब, ही ह्यांच्या दंडावरून काढली, घ्या पट्टी आणि हे घ्या भिंग. नीट बघा, एक तरी टोक उरलंय का?

आपण सगळे माझ्यासाठी आलात, मनापासून आभारी आहे. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला. सोमवारी ठराव वाचायच्या आधी कोरड्या खोलीत एकदा चाचणी घ्या. मी साडेनऊला दारात उभी असेन, बोलावलं नाहीत तरी.