बनियनचा रंग

डिचोलीचं नाव काढलंत म्हणून सांगतो. तिथल्या पाळी गावात आमच्या घरासमोरच खाणीच्या मातीचा लालभडक डोंगर होता. दिल्लीहून साहेब पाहणीला येणार म्हटल्यावर कंपनीनं त्याला हिरवी जाळी पांघरली, ट्रक अडवून ठेवले, रस्त्यावर टँकरनं पाणी मारलं. वर सुपरवायझर घरोघर सांगत फिरला, "आज कपडे बाहेर वाळत घालायचे नाहीत."

माझा थोरला भाऊ आबा नुकताच फौजेतून सुटून आला होता. जाळी बघून म्हणाला, "ह्येका कॅमोफ्लाज म्हणतत. शत्रूक तोफ दिसू नये म्हणान आमी घालायचो. फ्रेंच शब्द. आमचे मेजर सांगायचे, मूळ अर्थ म्हणे दुसऱ्याच्या तोंडार धूर सोडणा."

"मगे हय शत्रू कोण?" मी विचारलं.

"ताच बघतंय," म्हणत त्यानं आपला बनियन मुद्दाम पुढच्या दोरीवर टाकला. महिन्यापूर्वी पांढराशुभ्र घेतलेला, आता खाणीच्या धुळीनं विटेसारखा झालेला.

साहेब आले. दोरीपाशी थांबले, बनियनला हात लावला.

"वाह, क्या रंग है! यहाँ कपड़ा रंगते हैं?"

"जी सर," सुपरवायझर म्हणाला, "गाव का पुराना धंदा है."

साहेब खूश होऊन गेले. त्यांची गाडी वळणाआड जाते न जाते तोच अडवलेले ट्रक सोडले आणि सगळी धूळ आमच्या तोंडावर आली.

आबानं बनियननंच तोंड पुसलं. म्हणाला, "गावलो रे शत्रू. आमीच तो."