मागच्या रांगेतली झील

न्हाई न्हाई, तो काळा डबा हितं चिक्कीवर नका ठेवू — खाली ठेवा. आन् उघडून दावायची गरज न्हाई, व्हायोलिन हाय, कळतंय मला. तुमच्या अमृतचं जुनं. त्याला नवं घेतलं, हे पडूनच हाय, म्हणून माझ्या नातीला, जन्नतला — असंच ना? पाणी घ्या. पाण्याला मी कुणालाच न्हाई म्हणत न्हाई. पन ह्या डब्याची मला किळस येती, बाई, खरं सांगते. खवट शेंगदाण्यावर कुणी चांगला गूळ ओतून आणावा, तशी.

मला वाजवण्यातलं काय कळत न्हाई. पन डोळे हायेत! त्या दिवशी क्लासच्या कार्यक्रमात यशोधरा टीचरनं आधी सांगितलं, हंगेरी म्हणून कुटला मुलूख हाय, तितल्या ढंगाचं गाणं हाय — कन्सर्टिनो का काय म्हणत्यात — एक पोरगा पुढं उभा ऱ्हाऊन वाजवणार, बाकीची मागं बसून झील धरणार. पुढं तुमचा अमृत, मागच्या रांगेत कडेला आमची जन्नत. सुरुवातीला कसं — माहेरचा निरोप आला न्हाई म्हणून बाई उंबऱ्यात बसून कण्हती, तसं हळू. आन् शेवटाला? शर्यतीच्या घाटात बैलगाडा सुटावा तसं! धुरळा नुसता! आन् नेमकं तितंच, गाडा सुटला आन् तुमचा अमृत थांबला. वाजवायचा गज हवेत, तोंड पांढरं. बघितलं का न्हाई तुमी? पहिल्या रांगेत व्हता, मोबाइल धरून — बघितलं. पन वाजणं थांबलं का? न्हाई थांबलं. कुठनं येत व्हतं मंग? मागनं. आपली झील सोडून माझी पोरगी त्याचं वाजवत व्हती, मान खाली घालून, तो परत घुसेपत्तुर. तिला त्याचं सगळं पाठ — घरी आपलं वाजवून झालं की त्याचं वाजवायची, हिकडं पाक उकळतोय, माझा रमीज ओरडतोय, बाप हाय तिचा, तरी ही आपली तेच! मंग तो घुसला, ही गुमान झिलीवर गेली. टाळ्या त्याला, फुलं त्याला. असू दे. पोरगं हाय, घाबरलं. त्याच्यावर माझा राग न्हाई.

पन तुमी काय केलं? उठलात आन् सगळ्यांदेखत टीचरला म्हणालात — मागच्या पोरीनं मधेच वाजवलं, म्हणून माझा मुलगा गडबडला. टीचरनं तितल्या तितं जन्नतच्या हातातलं व्हायोलिन काढून घेतलं. क्लासचंच व्हतं ते, तिचं कुटलं! म्हणली, आता येऊ नकोस. पोरगी माझ्याबरोबर निघाली. रिक्षात मोकळे हात मांडीवर घेऊन बसली.

आन् आता म्हणताय, अमृत जेवत न्हाई. खरं त्याला ठावं हाय म्हणून जेवत न्हाई! तुमच्यापरीस बरा निघाला. मंग त्याच्या घशाखाली घास उतरावा म्हणून हा डबा व्हय? टीचरकडं जा. बोललात तशाच सगळ्यांसमोर बोला — माझा मुलगा थांबला, त्या पोरीनं सांभाळून घेतलं. एवढंच. तिला तिची जागा परत पाहिजे, तुमची अडगळ न्हाई... काय? लोक काय म्हणतील? शी! उठा, बाई. तुमच्या सेंटाचा वास माझ्या चिक्कीला लागतोय.

दुपारी गिऱ्हाईक न्हाई असं बघून मी दुकानामागं जाते, तर आमची जन्नत चिक्कीचं लाटणं हनुवटीखाली धरून बसलेली. कापायची पट्टी त्याच्यावरनं ओढती. आवाज न्हाई, काय न्हाई, बोटं तेवढी पळत्यात. माझी चाहूल लागली की लाटणं धुऊन ठेवती. परवा मीच रमीजला म्हणलं, बाबा, कुटं जुनंपानं व्हायोलिन मिळतंय का बघ — हे मी तुमाला कशाला सांगतेय!

उचला तो डबा. गूळ आणायला धाडलंय तिला, येईल एवढ्यात. तिनं हे बघितलं ना, तर तिच्या तोंडाकडं बघून मला न्हाई म्हणता यायचं न्हाई. आन् मी व्हय म्हणलं की तुमी सुटलात, तुमी तितं जाऊन कधीच बोलायच्या न्हाई. उचला म्हणते ना —

आलीस का गं? ठेव तितं गूळ. ह्या? ह्या चिक्की घ्यायला आल्यात. काय घेतली न्हाई, निघाल्यात.

अवो बाई, निघालात कुटं, तुमचा डबा ऱ्हातोय — घेऊन जा.