शंभरातला एक

चहा बाहेर ओट्यावरच पिऊ, भिया. बंद खोलीत शेगडी मला सोसत नाही. संस्थान जाऊन मध्यभारत झालं तरी आमचे दादा, म्हणजे वडील, मनानं अजून दरबारातच आहेत, घरात त्यांचाच हुकूम. ताई बाळंतपणाला आली, बाळ झालं, तर गारठा नको म्हणून त्यांनी खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबल्या आणि बाजेखाली कोळशाची शेगडी ठेवली.

मी म्हटलं, "दादा, खिडकी उघडा. कोळशाचा वायू विषारी असतो."

"किती असतो?"

"हवेच्या शंभर भागांत एक धरा. वायूंत जेवढा भाग तेवढेच रेणू, म्हणजे शंभर रेणूंत एक विषाचा."

"मग नव्व्याण्णव तर चांगले आहेत ना? कॉलेज इंटरला सोडून बसलाय आणि मला शिकवतोय. चल हट."

मी खिडकी उघडली, त्यांनी माझ्यासमोर ती पुन्हा लावली. ताई हसून म्हणाली, "जाऊ दे रे, ऊब बरी वाटते."

दुपारी बाळाला बाहेर आमच्या आत्याकडे देऊन ती झोपली. उठलीच नाही.

दादा लोकांना सांगतात, नजर लागली. पण ती खिडकी आता रोज सकाळी ते स्वतः उघडतात. गारठा लागायला आत कोणी उरलेलं नाही.