दारात वाटलेल्या लोंब्या

अध्यक्षस्थान भूषवणारे आदरणीय केसरीनाथशेठ, व्यासपीठावरील मान्यवर, आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवून आज निवृत्त होणाऱ्या सत्कारमूर्ती ललिताताई, शिक्षक बंधुभगिनींनो, पालकहो, विद्यार्थ्यांनो, आणि तिसऱ्या रांगेतले ते सद्गृहस्थ, ज्यांचा मोबाईल माझ्या नमस्कारालाही थांबत नाही, सर्वांना सविनय वंदन.

मी कौसल्या, रसायनशास्त्र शिकवते. स्टाफरूममध्ये ताईंची खुर्ची माझ्या शेजारी. म्हणजे काय भोगलंय ते माझं मला ठाऊक! मी डबा उघडायचा अवकाश, माझ्या लोणच्यातलं मीठ बघून ताई सुरू. "कौसल्या, हेच सोडियम मुळाशी आलं तर भाताचं रोप काय करील?" अहो, जेवू द्या की बाई!

पण ऐकून ऐकून पाठ झालं. आता तुम्हीही ऐका, मी एकटीने का सोसावं? सोडियम दिसायला पोटॅशियमसारखं. त्याच्याच दारातून पेशीत घुसतं आणि आतली कामं बंद पाडतं. साधं भात तिथेच मान टाकतं. खाऱ्या जमिनीतलं भात मात्र बरंचसं मीठ मुळाशीच अडवतं. जे आत शिरतं, ते पेशीतल्या एका पिशवीत, रिक्तिकेत, कोंडून ठेवतं. त्यासाठी पंप सारखा चालू ठेवावा लागतो, आपल्या भिवंडीसारखं लोडशेडिंग तिथे परवडत नाही. पिशवीतल्या मिठाने पेशीचं पाणी ओढून घेऊ नये म्हणून बाहेरच्या द्रवात साखरेसारखे निरुपद्रवी पदार्थ साठवले जातात. तरीही उरलेलं मीठ जुन्या पानांत जातं. ती करपतात, पण कोवळी पानं आणि लोंबी वाचते.

हे सगळं ताई नुसतं फळ्यावर शिकवत नव्हत्या. काल्हेरला खाडीच्या कडेला केसरीनाथशेठांचं खाऱ्या जमिनीचं खाजण आहे, त्यातला एक कोपरा शेठनी त्यांना दिला होता, आणि त्याबद्दल त्यांचे आभार मानायलाच हवेत. दर वर्षी जी रोपं तगली, त्यांचंच बी ताई पुढे पेरत आल्या. यंदा होतं नव्हतं तेवढं बी पेरलं, आणि उधाणाने बांध फुटला. खारं पाणी आत येऊन बसलं. त्यातूनही थोडी रोपं जगली. इतक्या वर्षांत ताईंना हवं होतं ते हेच भात! उद्या सकाळी कापणी ठरली होती. शेठ आता तिथे गोदामासाठी भराव टाकणार, म्हणून पुढच्या पावसाळ्यात हे बी कोन गावाला ताईंच्या भावाच्या शेतात पेरायचं ठरलं होतं.

आणि आमची स्वागत समिती! मितेश सर, तोंड लपवू नका, तुम्ही प्रेमानेच केलंत. पण डोकं कुठे गहाण ठेवलं होतंत? ताईंना आनंदाचा धक्का द्यायचा म्हणून काल संध्याकाळी सगळ्या लोंब्या कापून आणल्या आणि दारात पाहुण्यांना गुलाबाबरोबर एकेक वाटली! शेठना सांगितलं तर म्हणतात, "बाय, भातच हाय ना? दुसरा पेरा." दुसरं कुठून आणायचं हो, शेठ?

ताई आत आल्या तेव्हा त्यांच्याही हातात लोंबी ठेवली. त्यांनी नखाने एक दाणा सोलला, आतला तांबडा तांदूळ पाहिला आणि ओळखलं. मितेश सरांना म्हणाल्या, "छान कल्पना हो." मग माझा हात घट्ट धरून म्हणाल्या, "कौसल्या, काही बोलू नकोस. पोरांनी हौसेने केलंय." ताई, माफ करा, मला नाही जमत! अहो, जीव जळतो माझा.

आपण सर्व वेळात वेळ काढून आलात, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. माझा आवाज चढला, कुणाचा मान राखायचा राहिला, तर मोठ्या मनाने क्षमा असावी. फक्त जेवणाकडे वळण्याआधी एक करा. कुणी खिशात ठेवली असेल, कुणी केसांत माळली असेल, तिथे मागे पोरं दाणे सोलून खातायत, ए, थांबा रे! ताईंची शाल मी दारात अंथरली आहे. प्रत्येकाने आपली लोंबी तिच्यावर ठेवूनच पुढे जायचं, आणि खुर्च्यांखाली सांडलेले दाणेही वेचायचे.

अध्यक्षमहोदय, आपल्या कोटाच्या खिशाला लावलेली आधी द्या.