जुन्याचं सोंग

...नाही, पण मला सांगा, हुकूम सोडल्यावर उलट 'नक्की ना?' असं विचारणाऱ्या माणसाला तुम्ही काय म्हणाल? माणूस म्हणजे, माणूस नव्हे तो, कॉम्प्युटर आहे. पण विचारण्याची तऱ्हा अशी की पलीकडे कोणीतरी चष्मा कपाळावर सरकवून बसलंय आणि माझ्या डोक्याविषयी त्याला शंका आहे. शंका मलाही आहे. जन्मभर आहे. पण ती दुसऱ्यानं काढायची म्हणजे...

थांबा, असं मधूनच सुरू केलं की माझं मलाच कळेनासं होतं. तुम्हाला सांगतो, मी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवायचो. सगळी नोकरी 'अंदाजे' आणि 'बहुधा' यांच्यात गेली. ठामपणे मी बोललो तो एकाच ठिकाणी, कॉम्प्युटरच्या त्या काळ्या पडद्यावर. तुम्ही पाहिला असेल-नसेल. त्यात चित्रं नाहीत, बटणं नाहीत. आपण एक ओळ टाइप करायची, एन्टर दाबायचा, आणि मधला एक दुभाषा ती ओळ यंत्राला समजावून सांगतो. त्या दुभाष्याला शेल म्हणतात. माझा जुना शेल काय होता, काय सांगू! पूस म्हटलं की पुसायचा. हलव म्हटलं की हलवायचा. वर्गात, बैठकीत, घरात, माझं पहिल्या झटक्यात ऐकणारं जगात तेवढं एकच होतं.

तर मुलीनं नवा कॉम्प्युटर पाठवला. फोनवर म्हणाली, "बाबा, यात नवा शेल आहे हं. जुन्यापेक्षा खूप हुशार आहे." हुशार म्हटल्यावरच मी खुर्चीत सावरून बसलो. हुशार लोकांशी माझं कधी जमलेलं नाही. मी विभागप्रमुख होतो.

पहिल्याच दिवशी मी एक फोल्डर साफ करायला घेतला. 'आरएम स्टार' असं लिहायचं असतं, म्हणजे इथलं सगळं पूस. लिहिलं. तर हा विचारतो, 'या फोल्डरमधल्या सगळ्या फायली पुसायच्या, नक्की ना?' आणि हो-नाहीसाठी अक्षर दाबायची वाट बघत बसला. आता विचारल्यावर माझ्यासारखा माणूस काय करणार? विचारात पडलो. चहा घेऊन आलो. पुन्हा विचारात पडलो. शेवटी 'नाही' दाबलं आणि तो कचरा अजून तसाच आहे.

हा प्रश्न आमच्या घरात नवा होता असं नाही. आमच्या हिला दुसरा प्रश्नच येत नाही. "अहो, गॅस बंद केलात? नक्की ना?" "किल्ली घेतलीत? नक्की ना?" "दोन्ही पायांत एकाच जोडाच्या चपला आहेत, नक्की ना?" लग्न ठरवायला भेटलो तेव्हा मी 'पसंत आहे' म्हणालो, त्यावरही तिनं हेच विचारलं होतं. मी 'हो' म्हणालो आणि घरी येऊन आठवडाभर झोपलो नाही. म्हणजे पसंत होतीच हो. पण विचारलं की संपलं.

आणि त्या शेलचे इतर नखरे काही कमी आहेत? मी त्याला एका कोनाचा साइन विचारला. साधा साइन, शाळेतला. म्हणतो, असलं काही मला माहीत नाही. मुलीला फोन. ती म्हणाली, "बाबा, त्याचं गणित वेगळ्या मॉड्यूलमध्ये असतं. लागेल तेव्हा बोलवायचं, मग ते येतं." म्हणजे बघा, गणिताला निरोप पाठवल्याशिवाय गणित येणार नाही. मग मला वाटलं, आपलं तरी काय वेगळं आहे? निवृत्त झाल्यापासून मीही एक मॉड्यूलच आहे. कुठे सही लागली, कुलूप अडकलं, वरच्या फळीवरचा डबा काढायचा झाला की बोलावतात. एरवी आतल्या खोलीत.

मग ते ऑप्शन. चालू करा, बंद करा, शेकड्यांनी आहेत. एकाचं नाव 'नोमॅच'. तो बंद करायचा तर म्हणायचं 'नोनोमॅच'. म्हणजे 'जुळत नाही' हे नाही! आता 'नको नको' म्हणजे हवं की नको, हे मला हिच्याबरोबर दुकानात इतकी वर्षं उभं राहून कळलेलं नाही, ते यंत्राकडून काय कळणार? पण त्याचा अर्थ मी शिकून घेतला. आपण मागितलेल्या वर्णनाची एकही फाइल नसली की तो स्पष्ट सांगतो, 'जुळणारं काही सापडलं नाही', आणि काम करायचं सोडून देतो. लक्षात ठेवा हे. मला पुढे हेच ऐकावं लागलं म्हणून सांगतो.

माझा एक मित्र आहे, भौतिकशास्त्राचा. त्याला आम्ही 'परंतु' म्हणतो, कारण त्याचं प्रत्येक वाक्य तिथूनच निघतं. त्याच्यापाशी रडगाणं गायलो. तो म्हणाला, "परंतु तू त्याला जुन्याचं सोंग घ्यायला का सांगत नाहीस?"

"सोंग?"

"अरे, सोय आहे तशी. एका ओळीत सांगायचं, जुन्या शेलसारखा वाग. वागतो. परंतु नुसतं सोंग घेतलं तर स्वतःच्या काही सवयी तो ठेवतो. तू मोठा आर लाव पुढे. म्हणजे पूर्ण सोंग. मुळापासून जुना."

लावला. इतकंच नव्हे, रोज सुरू होताना तो जी फाइल आधी वाचतो, तिच्यातच ती ओळ घालून टाकली. आणि तुम्हाला सांगतो, काय शांतता! 'आरएम स्टार' म्हटलं, पुसलं. चूं नाही की चां नाही. एवढंच झालं की आधी ओळीच्या सुरुवातीला आपण कोणत्या फोल्डरमध्ये आहोत ते लिहिलेलं यायचं, त्याजागी टक्क्यांची चिन्हं यायला लागली. जुन्याला ती नवी खूण वाचताच येत नव्हती. मी म्हटलं, येऊ देत. संख्याशास्त्राचा माणूस टक्क्यांना कशाला भितो?

यश डोक्यात जातं हो. त्याच संध्याकाळी मी बाहेर निघालो, ही दारात आली. "अहो, छत्री घेतलीत? नक्की..." आणि मी म्हटलं, मीच म्हटलं, "अगं, तुला एकदा तरी न विचारता राहता येईल का?"

ती पदराला हात पुसत होती. थांबली. म्हणाली, "बरं."

बास. मोठा आर लावायलाही लागला नाही. एका शब्दात पूर्ण सोंग.

पहिले काही दिवस मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. मग परंतुचं व्याख्यान आलं. मी तयार होऊन सभागृहात जाऊन बसलो. दिवे बंद. खुर्च्या पालथ्या. झाडणाऱ्या बाई म्हणाल्या, "आजोबा, पाय वर घ्या." व्याख्यान दुसऱ्या दिवशी होतं. घरी आलो, हिला विचारलं, "तुला माहीत होतं का, उद्या आहे ते?"

"होतं की."

"मग?"

"तुम्हीच म्हणालात ना, विचारू नको."

आवाजात राग नव्हता, हेच तर वाईट. जुना शेलसुद्धा रागावत नसे.

आता फोटोंचं सांगतो. सांगायलाच हवं, त्यासाठीच तर बोलायला उभा राहिलोय. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत एका पाखरानं घरटं केलं होतं. हिनं खिडकी उघडायची बंद केली. मिक्सर बाहेरच्या खोलीत नेला. उकाड्यात, घाम पुसत, पडद्याच्या फटीतून कॅमेऱ्यानं फोटो काढायची. अंडी. मग नुसत्या चोची. मग ते विस्कटलेलं पिसांचं बोचकं. शेवटचं पिल्लू उडालं तोही फोटो मिळाला तिला. पंख धूसर, मागे वाळत घातलेला माझा टॉवेल. टॉवेलमुळे फोटो बिघडला असं मी म्हणालो. ती म्हणाली, "टॉवेल राहू दे. त्यावरनं कळतं, आपल्याकडचं आहे ते."

तिची मोठी बहीण राहायला यायची होती. तिचे गुडघे गेलेत, बाहेर पडत नाही. तिला हे सगळं क्रमानं दाखवायचं, असं हिनं ठरवलं होतं. मी फोटो कॉम्प्युटरवर घेतले. आणि परंतुच्या त्या दुसऱ्या दिवशीच्या व्याख्यानाचं चित्रण करायला कॅमेरा लागणार म्हणून म्हटलं, "कार्ड रिकामं करतो गं." ही हातात झारा घेऊन दारात आली. तोंड उघडलं. मी पाहिलं, उघडलं होतं. मग मिटलं.

"बरं."

व्याख्यानाहून आल्यावर मी फोटो बघत बसलो. छान होते. मग आठवलं, आपल्या एका, छापायला नाकारून परत आलेल्या लेखाचे कच्चे खर्डे पुसायचे राहिलेत. मला वाटलं मी खर्ड्यांच्या फोल्डरमध्ये गेलोय. वाटलं. ओळीच्या सुरुवातीला बघितलं तर टक्के. आरएम स्टार. एन्टर.

शांतता. तीच ती, मला आवडणारी.

दुसऱ्या दिवशी सकाळी ही आली, शेजारी स्टूल ओढून बसली. "ताईला आधी घरटं दाखवायचं की थेट अंडी?" मी फोटोंचा फोल्डर उघडला, तो रिकामा. मग खर्ड्यांचा उघडला. खर्डे सगळे जागच्या जागी होते. एकूणएक खर्डा.

मुलीला फोन लावला. ती म्हणाली, "बाबा, पूर्ण सोंग कशाला घ्यायला लावलंत? नुसतं घेतलं असतं तरी तो विचारत राहिला असता. बरं, कार्डावर तरी असतील ना?" कार्डावर परंतु आहे. दीड तास. प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला.

हिला सांगितलं. तिनं स्टूल उचलून परत आत नेलं. बहीण आली, तेव्हा हिनं ते सगळं हातांनी सांगितलं. अंडी एवढी, चोची अशा. ते पिल्लू उडालं तेव्हा तिचे दोन्ही हात वर गेले आणि तिथेच क्षणभर राहिले. बहीण म्हणाली, "अगं, फोटो काढायचास की एखादा." ही म्हणाली, "राहून गेलं."

राहून गेलं! मी शेजारी बसलोय, बिस्किट हातात.

मी काय केलं, ती ओळ काढून टाकली. सोंग संपलं. टक्के गेले, आपण कुठे आहोत ते पुन्हा दिसायला लागलं. विचारतो का बघावं म्हणून तिच्या त्या फोटोंच्या फोल्डरमध्ये गेलो, आरएम स्टार लिहिलं. मला एकदा तो प्रश्न ऐकायचा होता. तर तो म्हणतो, 'जुळणारं काही सापडलं नाही.' बरोबर आहे. तो विचारायला तयार आहे. विचारण्यासारखं तिथे काही राहिलेलं नाही.

मग मी स्वयंपाकघरात गेलो. म्हटलं, "अगं, तू आपली पूर्वीसारखी विचारत जा."

ती भाजी निवडत होती. म्हणाली, "सवय गेली हो."

आता तिची सकाळी आधी वाचायची फाइल कुठे असते, आणि त्यातली माझी ती ओळ कशी काढायची, हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय?

म्हणून आज इथे यायला निघताना मी, तुम्हाला सांगतो, मुद्दाम, एका पायात काळी चप्पल घातली आणि एका पायात तपकिरी. दारात उभा राहिलो. म्हटलं, "येतो." तिनं माझ्या पायांकडे पाहिलं. मग तोंडाकडे पाहिलं. ओठ हलले. मी श्वास धरून उभा.

"बरं."

आलो तसाच. बघा, दिसतंय ना तिथून? जिन्यावरून परत वळणार होतो, पण चपला बदलायला गेलो असतो तर मुद्दाम घातल्या होत्या हे तिला कळलं असतं. दार लागल्यावर आतून काहीतरी आवाज आला. हसण्यासारखा. भांडंही असेल. पण तिला कळलं नसेल हो. कसं कळणार?

नाही कळलं ना?

नक्की ना?