घरचा साक्षीदार

नोंदणी कार्यालयाच्या रांगेत पुढे भाऊ-बहीण उभे होते. दस्त लिहिणारे काका त्यांचे कागद चाळत होते आणि मागच्या बाईचे कान तिकडेच लागले होते.

“साक्षीदार कोण?”

“ही ताई. म्हटलं, घरचंच माणूस बरं.”

“घर कोणाच्या नावावर?”

“वडिलांच्या. आई आधीच गेली, ते मागच्या वर्षी.”

“मृत्युपत्र?”

“कशाला? मी एकुलता एक मुलगा.”

“अरे शहाण्या, मग ही साक्षीदार कशी? ही तर अर्धी मालकीण!”

“काय सांगता! काका, मी सही नाहीच केली तर?”

“तर पूर्ण घर विकता येणार नाही, बाई.”

“ताई, काहीतरीच काय! घेणारा बाहेर ताटकळलाय.”

“ताटकळू दे. तू आधी किल्ली काढ. वर्षभर मला उंबरा ओलांडू दिला नाहीस.”