तीन बोटं खाली

पंक्चरसाठी सायकलच्या दुकानात ताटकळलेल्या मास्तरांनी पेपर उघडला होता. कान मात्र मिस्त्री आणि सायकल घेऊन आलेल्या एका मुलीकडे लागले होते.

"ताई, सीट तीन बोटं खाली घ्यावी लागेल."

"नको. हँडल, ब्रेक, काय ते बघा. सीट राहू द्या."

"ऑफिस किती लांब?"

"बदली झालीय. आता जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर."

"मग चार दिवसांत कंबर बोंबलेल! पॅडलपर्यंत पाय पुरत नाही तुमचा. एवढी वर केली कोणी?"

"बाबांनी. त्यांचीच सायकल."

"त्यांना लागेल तेव्हा परत वर करून देईन. पाच मिनिटांचं काम."

"त्यांना नाही लागणार आता. गेल्या महिन्यात गेले."

मिस्त्रींनी पान्हा खाली ठेवला.

"सीटच्या दांड्यावरची ही लाल रेघ त्यांचीच?"

"हो. आईचं नेलपॉलिश. सीट काढली तरी माप चुकायला नको म्हणून. आई आठवडाभर बोलत नव्हती."

"नेमके होते."

"आणि हट्टी."

"ते दिसतंच आहे."

ती हसली.

"खाली घेतली तर रेघ पुसेल?"

"ग्रीस लावून सरकवतो. नळीच्या आत जाईल, दिसणार नाही एवढंच."

तिने लाल रेघेवरून बोट फिरवलं.

"घ्या खाली. पण सावकाश."